टॅरंट बेटाचा खडा

नोव्हेंबर २०१६च्या मोठ्या भूकंपानंतर प्राची केळुसकरच्या ऑफिसची इमारत तपासणीसाठी बंद केली गेली, आणि तळमजल्यावरच्या फ्रीझरांची वीज तोडली गेली. प्राची भूशास्त्रज्ञ. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनजवळच्या लोअर हट गावात राहायची, तिथेच नोकरी. ज्वालामुखीची राख हा तिचा विषय, आणि त्यातही एकाच ज्वालामुखीची: टॅरंट बेटाची.

हे बेट न्यूझीलंडच्या खूप दक्षिणेला, ब्लफ बंदरातून बोटीने आठवडाभर गेलं की लागतं. बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एकच डोंगर, आणि डोंगर म्हणजेच ज्वालामुखी. माथ्यापासून पाण्यापर्यंत बर्फाने झाकलेला. तिथे माणूस राहत नाही. पेंग्विन राहतात, पण त्यांनाही ते फारसं आवडत असेल असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नाही.

या डोंगराच्या बर्फात भोकं पाडून प्राचीच्या टीमने बर्फाच्या लांब कांड्या काढून आणल्या होत्या. ज्वालामुखी फुटला की राख बर्फावर पडते, पुढच्या हिवाळ्यात तिच्यावर नवा बर्फ पडतो, आणि राख कायमची आत राहते. प्राचीच्या सासूबाईंना, सुरेखाताईंना, हे पहिल्या फटक्यात समजलं होतं.

"म्हणजे चिरोटा," त्या म्हणाल्या होत्या.

"अगदी चिरोटाच, आई. आणि खालचा डोंगरही तसाच आहे. लाव्हाचा एक थर, राखेचा एक थर, पुन्हा लाव्हा."

या सगळ्या कांड्यांमध्ये एक कांडी महत्त्वाची होती. तिच्यात बोटभर जाडीचा काळा पट्टा होता. चारशे वर्षांपूर्वीचा स्फोट. तो पट्टा अजून कापला नव्हता, नुसते फोटो काढले होते. आणि डिसेंबरात त्याच्यावरून सुनावणी होती. एका पर्यटन कंपनीला टॅरंटच्या किनाऱ्यावर पन्नास माणसांची झोपायची सोय असलेली हट बांधायची होती. कंपनी म्हणत होती, हा ज्वालामुखी गरीब आहे, फार तर थोडा लाव्हा सांडतो. प्राचीला तसं वाटत नव्हतं. पट्ट्यातली राख पिठासारखी निघाली तर कंपनी बरोबर. जाड खडे निघाले तर प्राची बरोबर, कारण कांडी काढली ती जागा ज्वालामुखीच्या तोंडापासून नऊ किलोमीटर दूर होती, आणि तिथवर खडे फेकणाऱ्या डोंगराला गरीब म्हणता येत नाही.

वीज गेल्यावर बाकीच्या कांड्या गावातल्या एका मटणवाल्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेल्या. एक खोका मावला नाही. प्राचीने तो चिली बिनमध्ये, म्हणजे सहलीच्या थंड डब्यात, घालून घरी आणला आणि गराजमधल्या मोठ्या फ्रीझरमध्ये मटारांच्या पिशव्यांखाली ठेवला. नवऱ्याला, वरुणला, सांगितलं. वरुणने पुढे कुणाला सांगितलं नाही. बर्फाबद्दल घरात सूचना काढावी असं त्याला वाटलं नाही.

वरुणचे आईवडील सहा महिन्यांसाठी पुण्याहून आले होते. वडील मधुकरराव विमा कंपनीतून निवृत्त झालेले, अत्यंत अगत्यशील गृहस्थ. दार उघडायच्या आत पाहुण्याच्या हातात काहीतरी थंड असलं पाहिजे, हा त्यांचा धर्म. भूकंपानंतर सगळे एकमेकांची विचारपूस करत होते, म्हणून त्यांनी एका रविवारी आसपासच्या मराठी मंडळींना आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना घरी बोलावलं. दिवस कडक उन्हाचा निघाला. हेल्मेट घालून इमारतीत जायची परवानगी त्याच दिवशी मिळाली, म्हणून प्राची ऑफिसात गेली होती. वरुण समोसे आणायला गेला होता. पाहुणे आले, कोकम सरबताचे जग भरले, आणि लक्षात आलं की बर्फ नाही.

मधुकरराव गराजमध्ये गेले. मटारांच्या खाली जाड पॉलिथिनमध्ये गुंडाळलेली सुंदर गोल कांडी होती. वर आकडे लिहिलेले, आणि खाली इंग्रजीत 'गोठवून ठेवा'. मधुकररावांना त्यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही. बर्फावर माणूस दुसरं काय लिहिणार? मध्ये एक काळपट पट्टा होता, पण गराजमध्ये उजेड कमी होता, आणि कोकम सरबताचा रंग असा असतो की त्यात काहीही लपतं. त्यांनी कांडी टॉवेलमध्ये गुंडाळली आणि खलबत्त्याच्या बत्त्याने फोडली.

बर्फ अप्रतिम निघाला. पेल्यात पडला की तडतडायचा, बारीक बारीक फटाके लावल्यासारखा. शेजारचा ऑस्ट्रेलियन म्हातारा पेला कानाला लावून ऐकत बसला. सगळ्यांनी दोनदा घेतलं.

बाळासाहेब जगदाळे यांनी तीनदा घेतलं. हे रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये इंजिनियर, न्यूझीलंडमध्ये वीस वर्षं झालेली, आणि कुठलाही कार्यक्रम असला तरी प्रास्ताविक त्यांचं. तिसऱ्या पेल्याच्या शेवटच्या घोटाला त्यांच्या दाढेखाली कचकन काहीतरी आलं. त्यांनी डोळे मिटले, क्षणभर थांबले आणि गिळलं. दुसऱ्याच्या घरी तोंडातलं काढून ताटात ठेवणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं.

प्राची घरी आली तेव्हा पाहुणे चपला शोधत होते. ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. सिंकपाशी पॉलिथिनची एक लांब रिकामी पिशवी घडी घालून ठेवलेली होती. मधुकररावांना घडी घालायची सवय होती.

"बाबा," ती बाहेर येऊन म्हणाली, "यातला बर्फ कुठंय?"

"संपला की," मधुकरराव आनंदाने म्हणाले. "सगळ्यांना फार आवडला. कुठून आणतेस गं हा?"

प्राची खाली बसली. खुर्ची नव्हती तिथे बसली.

*

ऑफिसची प्रमुख मरामा नावाची बाई होती. आवाज कधीही न चढवणारी. प्राचीने रडत फोन केला तेव्हा ती म्हणाली, "कुणीही भांडी घासू नका," आणि अर्ध्या तासात दारात हजर झाली.

"किआ ओरा," तिने सगळ्यांना माओरीत नमस्कार केला, हातमोजे घातले आणि पाहुण्यांना पुन्हा आपापल्या जागी बसायला सांगितलं. मग तिने पेले गोळा केले, सरबताच्या जगमधला तळाचा गाळ बाटलीत भरला, डिशवॉशरची जाळी काढून पिशवीत घातली. ती जाळी परत मिळेल का, असं सुरेखाताईंनी विचारलं. मरामा म्हणाली, वैज्ञानिकदृष्ट्या सांगता येत नाही.

पण भांडी आधीच घासली गेली होती. सुरेखाताईंना पाहुण्यांसमोर खरकटं ठेवणं जमत नाही. जो गाळ मिळाला त्यात राख नखभर, आणि बाकी कोकम, जिरं आणि सैंधव.

"कुणाच्या दाताखाली काही आलं का?" मरामाने विचारलं.

लीलावहिनींनी, म्हणजे बाळासाहेबांच्या पत्नीने, नवऱ्याकडे पाहिलं. बाळासाहेबांनी छताकडे पाहिलं.

"आलं होतं," ते शेवटी म्हणाले. "मला वाटलं खडीसाखर."

"केवढं?"

बाळासाहेबांनी बोट आणि अंगठा यांच्यात अंतर धरून दाखवलं. मरामाने खिशातून पट्टी काढली आणि ते अंतर मोजलं. मग ती प्राचीकडे वळली. दोघींच्या चेहऱ्यावर एकाच वेळी एक विचित्र आशा आली.

"मिस्टर जगदाळे," मरामा म्हणाली, "तुम्ही यापुढे स्वतःची काळजी घ्या."

*

दुसऱ्या दिवशी बाळासाहेबांच्या पोटाचा एक्स-रे काढला. आतड्यांच्या धुक्यात एक पांढरा चौकोनी ठिपका स्पष्ट दिसत होता. डॉक्टर म्हणाले, वाटाण्याएवढा आहे, आपोआप बाहेर पडेल, स्वीट अ‍ॅज, म्हणजे काही काळजी नको. प्राची तो ठिपका बघतच राहिली. काही ज्वालामुखींच्या पोटात लाव्हा खूप वेळ मुरत राहतो, तेव्हा त्यात असे मोठे स्फटिक वाढतात. वाटाण्याएवढा स्फटिक नऊ किलोमीटर उडून आला होता.

पण नुसता एक्स-रे पुरेसा नव्हता. कंपनीचा वकील उद्या म्हणेल, हा कोकमातला खडा आहे, किंवा गृहस्थांना मूतखडा आहे. प्रत्यक्ष स्फटिक हातात हवा होता. शिवाय महत्त्वाचा नमुना कामाच्या वेळात संस्थेच्या ताब्यात असला पाहिजे असा नियम होता, नाहीतर सुनावणीत त्याला कुणी विचारत नाही.

"म्हणजे मी ऑफिसात येऊन बसायचं?" बाळासाहेबांनी विचारलं.

"नमुन्याने येऊन बसायचं," मरामा म्हणाली. "तुम्ही सोबत आलात तर बरं पडेल."

इमारत बंद असल्यामुळे ऑफिस गालिच्यांच्या एका बंद पडलेल्या दुकानात भरत होतं. बाळासाहेबांनी रजा काढली आणि रोज सकाळी तिथे जाऊन बसू लागले. त्यांच्या स्वेटरवर मरामाने नमुन्याचं लेबल चिकटवलं. ते टेबलावरून उठले की कुणीतरी दारापर्यंत सोबत जायचं. स्वच्छतागृहात एक चाळणी, एक बादली आणि हातमोज्यांचा खोका ठेवला होता, आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

मधुकररावही त्यांच्यासोबत जाऊ लागले. घरात त्यांचं बरं चाललं नव्हतं. प्राची त्यांना काही लागेल असं बोलली नव्हती, हाच त्रास होता. ती "बाबा, चहा घेताय ना?" असं विचारायची आणि उत्तर यायच्या आत निघून जायची. मधुकररावांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकणं सोडलं. पाणीसुद्धा मागून घ्यायचे, आणि तेही बर्फाशिवाय.

खडा मात्र हलेना. लीलावहिनींनी पपई दिली, सुरेखाताईंनी इसबगोल पाठवलं, शेजारच्या ऑस्ट्रेलियनाने प्रून्सचा डबा आणून दिला. बाळासाहेब सगळं खायचे आणि शांत बसायचे. इतकी माणसं वाट बघतायत म्हटल्यावर त्यांना काही सुचतच नसे. तिकडे कंपनीची बोट हटचं सामान भरून ब्लफला उभी होती. कॅप्टन रोज फोन करायचा. मरामा त्याला सांगायची, "अजून हालचाल नाही." कॅप्टनला वाटायचं, ती ज्वालामुखीबद्दल बोलतेय.

बसून बसून बाळासाहेब भिंतीवरचे नकाशे वाचू लागले. मग प्रश्न विचारू लागले. बर्फाखाली लाव्हा आला तर काय होतं? पाणी होतं, मरामाने सांगितलं, आणि ते पाणी बर्फाखाली साठतं, आणि एक दिवस बर्फ उचलून राख, दगड, सगळं घेऊन कुठल्यातरी दरीतून समुद्राकडे सुटतं. कुठल्या दरीतून? ते आधी कळत नाही. आणि पाणी लाव्ह्याला भिडलं तर? वाफेचा स्फोट. आणि हे उतार इतके उभे, ते टिकतात कसे? नेहमी टिकत नाहीत. आतून गरम पाण्याने खडक कुजून मऊ होतो, वरून बर्फाचं ओझं, मग एखादी बाजू अख्खी समुद्रात जाते आणि लाट उठते.

"आणि ही हट?" बाळासाहेबांनी किनाऱ्यावरच्या लाल खुणेवर बोट ठेवलं. "ही तर बरोबर दरीच्या तोंडाशी आहे."

"तिथून सूर्यास्त छान दिसतो," मरामा म्हणाली.

बाळासाहेबांनी पोटावर हात ठेवला. त्या दिवसापासून ते नकाशासमोरची खुर्ची सोडेनात. मधुकररावांना म्हणाले, "मधुकरराव, आपल्याला वाटतं डोंगर म्हणजे पक्का. हा नुसता रचलेला आहे हो, एकावर एक. आतून गरम, वरून गार."

मधुकरराव म्हणाले, "आमच्या घरासारखं."

*

सुनावणी वेलिंग्टनला झाली. प्राचीने थर दाखवले, फोटो दाखवले, एक्स-रे दाखवला. बाळासाहेबांचं पोट पडद्यावर छतापर्यंत उंच दिसत होतं. लीलावहिनींनी मान खाली घातली.

कंपनीचे वकील उठले. "हा नमुना सध्या कुठे आहे?"

"दुसऱ्या रांगेत," मरामा म्हणाली. "निळा स्वेटर."

सगळ्यांनी वळून पाहिलं. अध्यक्ष बाई वयस्कर होत्या आणि त्यांना सर्व पक्षांचं ऐकून घ्यायची सवय होती. त्यांनी विचारलं, "नमुन्याला काही सांगायचं आहे का?"

बाळासाहेब उठले. वीस वर्षं त्यांनी प्रास्ताविकं केली होती, पण आज त्यांनी आधी स्वेटरवरचं लेबल नीट केलं.

"मी इंजिनियर आहे," ते म्हणाले. "मी रेल्वेचे डबे दुरुस्त करतो. ज्वालामुखीतलं मला काही कळत नाही. पण हा खडा माझ्या दाढेवर आपटला तेव्हा दाढ फुटली, खडा फुटला नाही. माझ्यापर्यंत तो सरबतातून आला, हळूच आला. या पन्नास लोकांकडे तो आकाशातून येणार आहे. आणि त्याच्यामागून चिखल." ते अध्यक्ष बाईंकडे वळले. "तिथे सूर्यास्त छान दिसतो असं म्हणतात. पण माणसं रात्रीही तिथेच असणार ना?"

खोलीत कुणी हसलं नाही. वकील म्हणाले की भाषण हृद्य आहे, पण वस्तू हजर नाही. अध्यक्ष बाईंनी ते मान्य केलं आणि वस्तू हजर होईपर्यंत कामकाज तहकूब केलं.

घरी आल्यावर प्राचीने बाळासाहेबांना फोन केला.

"काका, राहू दे आता. उद्या ऑफिसात येऊ नका. यायचं तेव्हा येईल, नाही आलं तर नाही. मी तुम्हाला फार त्रास दिला."

"अगं, त्रास कसला," बाळासाहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी मोकळेपणा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लीलावहिनींनी केळुसकरांची बेल वाजवली. त्यांच्या हातात स्टीलचा छोटा डबा होता. "हे घ्या बाई तुमचं," त्या म्हणाल्या. "मी चार वेळा उकळलंय."

डब्यात कापसावर एक धुरकट, चपटा, कडा असलेला स्फटिक होता, आणि त्याच्या एका बाजूला काळी काच, म्हणजे झटकन गार झालेला लाव्हा, अजून चिकटून होती. तीच काच त्याची साक्ष ठरली. तपासणीत ती टॅरंटच्या लाव्ह्याशी तंतोतंत जुळली. हटला परवानगी नाकारली गेली. बोट सामान उतरवून, नुसते पर्यटक घेऊन निघाली, आणि बेट लांबूनच बघायचं असं ठरलं.

निकाल आला त्या संध्याकाळी मधुकरराव स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले.

"प्राची, मी नक्की काय केलं, ते एकदा नीट सांगशील?"

तिने भाजी चिरायची थांबवली. "बाबा, त्या पट्ट्यात निदान वीस गोष्टी मोजता आल्या असत्या. आता एकच मोजता आली. बाकीचं परत मिळणार नाही. पुन्हा तिथे जाऊन भोक पाडायला किती वर्षं लागतील, माहीत नाही."

मधुकररावांनी मान हलवली. तिने समजूत काढली नाही, याचं त्यांना बरं वाटलं.

"आणि तो बर्फ तडतडत होता तो का?"

"त्यात बुडबुडे असतात. चारशे वर्षांपूर्वीची हवा. दाबून बसलेली. बर्फ वितळला की फुटून बाहेर येते."

"म्हणजे शिवाजीमहाराजांच्या आधीची हवा आमच्या हॉलमध्ये सुटली?"

"सुटली," प्राची म्हणाली, आणि तिला हसू आलं. आवरायला गेली तर जास्तच आलं. मधुकरराव आत आले आणि तिच्या हातातली सुरी काढून घेऊन स्वतः भाजी चिरू लागले.

प्राचीने स्फटिकावर लेख लिहिला. पहिल्या नियतकालिकाने तो परत पाठवला; नमुन्याच्या प्रवासावर त्यांचा विश्वास बसला नाही. दुसऱ्याने २०१७च्या हिवाळ्यात एक शंका कळवली: स्फटिकाच्या कडा थोड्या गोल झाल्या आहेत, त्या ज्वालामुखीत झाल्या की पचनसंस्थेत? तुलनेसाठी दुसरा एखादा स्फटिक त्याच मार्गाने पाठवून बघता येईल का?

प्राचीला ते विचारायची लाज वाटत होती. मरामाने सांगितलं, विचारून तर बघ. शेवटी तिने फोन केला आणि अडखळत सगळं सांगितलं. पलीकडे मागून लीलावहिनी "अजिबात नाही, सांगून ठेवते" म्हणत असल्याचं स्पष्ट ऐकू येत होतं.

"जेवणाआधी घ्यायचा की जेवणानंतर?" बाळासाहेबांनी विचारलं.